'व्हॅम्पायर'ला मराठीत वेताळ म्हणायचं का? आणि हा शब्द आला तरी कुठून?

अनघा_मांजलपूर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला मांजलपूरला राहते आणि घरून सबटायटलचं काम करते. परदेशी मालिका मराठीत आणायच्या, कधी गुजरातीतही. सध्या हातात एक सर्बियन मालिका आहे. खेडेगाव, चिखल, डुकरं, एका म्हाताऱ्याला पुरतात आणि तो रात्री घरी परत यायला लागतो. मला सर्बियन येत नाही, काम इंग्रजी सबटायटलवरून चालतं. त्यात जागोजागी 'व्हॅम्पायर' आहे.

काम देणाऱ्यांनी सोबत एक शब्दसूची पाठवली आहे. त्यात व्हॅम्पायरसमोर 'वेताळ' असं ठोकून दिलंय, मराठीलाही आणि गुजरातीलाही. ते मला बोचतंय. दुसऱ्याच भागात म्हातारी दाराआडून नवऱ्याला म्हणते, "तू वेताळ झालास, जा इथून." हे वाक्य टाइप करून मी सासूबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, माणूस मरून वेताळ कसा होईल? वेताळ म्हणजे भुतांचा राजा. असं काय बढतीवर मिळतं का ते पद?"

बाकीचे पर्याय मी लिहून काढले. 'रक्तपिपासू' हे तर विशेषण झालं, वर्तमानपत्रं ते हुकूमशहांना लावतात. 'रक्तपिशाच' बरं वाटतं, पण जरा रहस्यकथेच्या मुखपृष्ठावरचं. 'व्हॅम्पायर' तसंच ठेवलं तर कॉलेजच्या पोरांना चालेल, पण १७०० सालच्या म्हातारीच्या तोंडी ते कसं दिसेल?

तर मुळात या शब्दाचा अर्थ काय, तो कुठल्या भाषेतला, आणि मराठीत काय करावं? सूची बदलून घ्यायची तर मला कारण लिहून द्यावं लागतं. 'सासूबाई हसल्या' हे कारण चालत नाही. आणि हो, ओळ छोटी असते, तीनशब्दी पर्याय सुचवू नका.

हर्षल_अलकापुरी

ताई, ड्रॅक्युला ट्रान्सिल्व्हेनियाचा ना? म्हणजे शब्द रोमानियन असणार. सर्बिया शेजारीच आहे, तिकडून गेला असेल. मराठीत सरळ 'ड्रॅक्युला' टाका, सगळ्यांना कळतं. आमच्या ऑफिसात साहेबांना तेच म्हणतात.

प्रुफवाचक_रावपुरा

हर्षलभाऊ, साहेबांना म्हणा, पण सबटायटलात नको. ड्रॅक्युला हे एका माणसाचं नाव आहे, जातीचं नाही. वालाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, व्लाद दुसरा १४३१ साली 'ऑर्डर ऑफ द ड्रॅगन' नावाच्या सरदारमंडळात गेला, म्हणून त्याला 'ड्रॅकुल' म्हणू लागले. त्याचा मुलगा तो ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या कादंबरीसाठी ते नाव उचललं. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेला नव्हता, आणि त्याच्या टिपणांत त्या उमरावाचं नाव आधी 'काउंट वाम्पिर' असं होतं. रोमानियन लोकांचे स्वतःचे शब्द निराळे आहेत, 'स्त्रिगोइ' आणि 'मोरोइ'. पैकी स्त्रिगोइचं मूळ लॅटिनमध्ये, रात्री किंचाळणाऱ्या घुबडाच्या नावात आहे.

आता अनघाताई, तुमचा प्रश्न. मी उभा जन्म इथल्या छापखान्यांत प्रुफं तपासली, मराठी, गुजराती आणि संस्कृत. भुतांवर माझा विश्वास नाही, पण शब्दांवर आहे. जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

शब्द स्लाव्ह भाषांतला आहे. सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये 'वाम्पिर', रशियन आणि चेकमध्ये 'उपिर', पोलिशमध्ये 'उपिऊर'. हे सगळे एकाच घरातले. जुन्या स्लाव्ह भाषेत सुरुवातीला नाकातून उच्चारायचा 'ओं'सारखा स्वर होता. रशियनने नाक सोडलं आणि 'उ' ठेवला. बल्गेरियन बाजूला अनुनासिक टिकलं आणि पुढे 'व' चिकटला. गंमत अशी की सर्बियनच्या स्वतःच्या नियमाने तिथेही 'उ' यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून सर्बियनमधला 'वाम्पिर' शेजारून, बहुधा बल्गेरियन बाजूने, आलेला असावा असं मानतात. ज्यांनी १९६२ च्या आधीची 'कांहीं' आणि 'नाहीं' छापलेली मराठी पुस्तकं वाचली आहेत, त्यांना नाकातला स्वर कसा हळूहळू गळतो हे सांगायला नको.

त्याच्या मागे काय अर्थ आहे यावर पंडितांत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात मिक्लोशिच नावाच्या भाषापंडिताने तो तुर्की कुळातल्या 'उबिर' या शब्दाशी जोडला. तातार लोकांत उबिर म्हणजे चेटकीण किंवा तसलाच दुष्ट जीव. दुसरा पक्ष म्हणतो, शब्द अस्सल स्लाव्ह आहे. सर्वांत जुना लेखी दाखला म्हणून ज्याकडे बोट दाखवतात तो मोठा मजेशीर. १०४७ साली नोव्हगोरोदच्या राजपुत्रासाठी एका पाद्र्याने धर्मग्रंथाची नक्कल केली आणि शेवटी स्वतःची सही केली, 'उपिर लिखी'. म्हणजे शब्दशः 'दुष्ट उपिर'. पोथ्यांच्या शेवटी लेखकू स्वतःला मंदमती, पामर म्हणवतात हे मी पाहिलंय, पण हा गडी फार पुढे गेला. काहींच्या मते त्यात भूतबीत काही नाही, स्वीडनमधलं 'ओपिर' हे नाव रशियन कानाने तसं ऐकलं. मला ही दुसरी बाजू जास्त पटते. कुठला धर्मगुरू आपल्या यजमानाच्या पोथीवर स्वतःला पिशाच म्हणून लिहील?

हर्षल_अलकापुरी

काका, मग इंग्रजीत कसा गेला? १०४७ पासून कुणाला माहीत नव्हता का?

प्रुफवाचक_रावपुरा

सांगतो. तो गेला सरकारी कागदातून. आपण बडोदेकर हुजूरहुकुमांच्या गावचे, आपल्याला हे लवकर कळेल.

१७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे आला. नवा मुलूख, नवे अंमलदार, आणि अंमलदार म्हटला की वरती अहवाल पाठवणार. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. पुरल्यावर दहा आठवडे उलटले आणि मग आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरताना सांगत होती की पेतार झोपेत छातीवर बसून गळा दाबतो. गावाने फ्रोम्बाल्ड नावाच्या अंमलदाराला निक्षून सांगितलं, थडगं उघडू द्या, नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. तो म्हणाला, बेलग्रेडची परवानगी येऊ दे. गाव म्हणालं, तोवर आम्ही उरणार नाही. शेवटी बिचारा पाद्र्याला घेऊन गेला. प्रेत ताजं, नखं आणि दाढी वाढल्यासारखी, तोंडाशी रक्त. लोकांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून टाकलं. फ्रोम्बाल्डने वरती लिहिलं की यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, लोक भीतीने बेभान झाले होते. अशी पत्रं मी गायकवाडी दप्तरातल्या छापील उताऱ्यांतही वाचली आहेत, फक्त भूत नसायचं, पाटबंधारा असायचा.

ते पत्र २१ जुलै १७२५ ला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आलं, त्यात गावकऱ्यांचा शब्द होता, 'वाम्पिरी'. मग १७३१-३२ च्या हिवाळ्यात मेद्वेजा गावी दुसरा बोभाटा झाला. तिथली गोष्ट सुरू होते काही वर्षं आधी मेलेल्या आर्नोल्ड पाओलेपासून. हा गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. जिवंतपणी सांगायचा की तुर्की मुलखात त्याला वाम्पिरने छळलं होतं आणि उपाय म्हणून त्याने त्या वाम्पिरच्या थडग्यावरची माती खाल्ली होती. या वेळी सरकारने पलटणीचे शल्यवैद्य पाठवले. फ्ल्युकिंगर नावाच्या वैद्याने थडगी उघडून एकेक प्रेत तपासलं, कुठलं सडलं, कुठलं नाही, याची यादी केली आणि २६ जानेवारी १७३२ ला बेलग्रेडमध्ये अहवालावर सह्या झाल्या. मार्चमध्ये लंडनच्या वृत्तपत्रांत ती बातमी आणि तो शब्द दोन्ही आले. त्याच १७३२ साली इकडे डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला. म्हणजे आपलं राज्य नुकतं कुठे पाय रोवत होतं तेव्हा लंडनला व्हॅम्पायर हा शब्द कळला. तुमच्या मालिकेतली म्हातारी फार जुनी नाही, अनघाताई.

प्रेत ताजं का दिसतं याचं उत्तर आज कुठलाही शवविच्छेदन करणारा डॉक्टर देईल. थंडीत कुजणं मंदावतं. पोटात वायू धरतो, त्याच्या दाबाने रक्ताळलेला द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसते म्हणून नखं आणि दाढीचे खुंट लांब वाटतात. वरची त्वचा सुटली की खालची नवी दिसते. खुंटा ठोकला की वायू सुटून आवाज होतो, त्याला लोक किंकाळी म्हणाले. पुढे १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्या सल्ल्याने हुकूम काढला की असल्या प्रकरणात सरकारला विचारल्याशिवाय थडगं उघडायचं नाही. प्रकरणं आटली, पण शब्द तोवर सगळ्या युरोपात जाऊन बसला होता.

वेंगुर्ल्याची_लेक

मी माहेरची वेंगुर्ल्याची, लग्न होऊन बडोद्याला आले, आता वाडीला राहते. अनघाताई, ती सूची ज्यांनी केली त्यांना कुणीतरी आरवलीला घेऊन जा. आमचा वेतोबा म्हणजे ग्रामदैवत आहे हो! वेताळच तो. माणसाहूनही उंच मूर्ती, नवसाला केळ्यांचे घड, आणि चामड्याच्या एवढ्या मोठ्या चपला की आमच्या लहानपणी आम्हा दोघा भावंडांचे पाय एका चपलेत मावायचे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. देवळात गेलात तर जुन्या झिजलेल्या चपला रांगेने ठेवलेल्या दिसतील. माझी आजी रात्री कुत्री भुंकली की म्हणायची, "तो फेरीक निघालो, निज." भीती नाही, उलट धीर. त्याला तुम्ही रक्त पिणारा म्हणणार?

आमच्याकडे वाईट भुतांची काही वाण नाही. हडळ आहे, मुंजा आहे, देवचार आहे, समंध आहे, पाण्यातला गिऱ्हा आहे. त्यातलं घ्या कुणी. वेतोबाला हात लावू नका.

प्रुफवाचक_रावपुरा

वहिनी, वाचून बरं वाटलं, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रोम्बाल्डच्या त्याच पत्रात आहे: मेलेला पेतार बायकोकडे रात्री आला आणि त्याने काय मागितलं? आपले जोडे! 'ओपान्की' म्हणतात तिकडे, चामड्याचेच. बाई दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेली. जोडे दोघांनाही हवेत, पण तिकडे जोडे मागायला आला की घर सोडतात, आणि आरवलीला लोक स्वतःहून नेऊन देतात. अनघाताई, कारणाच्या रकान्यात एवढं लिहिलं तरी पुरे.

मात्र तुमच्या यादीतलं कुणी चालणार नाही. मुंजा हा सोडमुंज न झालेला पोरगा, समंधाचं लक्ष ठेव्यावर किंवा वारसावर, जखीण ही मुळात यक्षीण. खवीस तर अरबी 'खबीस'वरून आला. एकेकाचं खातं ठरलेलं आहे, ते बदलायला गेलं की वाचक अडखळतो.

अनघा_मांजलपूर

जोड्यांची गोष्ट मालिकेत आहे! पहिल्याच भागात. मला वाटलं लेखकाची कल्पना.

काका, मग वेताळ आणि व्हॅम्पायर ही जोडी लावली कुणी? शब्दसूचीवाल्यांनी नक्कीच नाही, इंग्रजी-संस्कृत कोशातही मी तसंच पाहिलं. आणि 'पिशाच'बद्दल काय म्हणता?

प्रुफवाचक_रावपुरा

कोशात आहेच. संस्कृत-इंग्रजी कोश करणाऱ्या मोनिअर-विल्यम्सने 'वेताल'च्या अर्थांत व्हॅम्पायर दिलाय, पुढे लगेच 'विशेषतः प्रेतात शिरलेला' असं म्हटलंय. पण ही पाटी घरोघरी नेली ती रिचर्ड बर्टनने, आणि तो आपल्याच गावचा, असं म्हणायला हरकत नाही. १८४२ मध्ये कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आल्यावर त्याची पहिली नेमणूक बडोद्याच्या छावणीत झाली. १८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. इथे त्याने हिंदुस्थानी आणि गुजरातीचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, मग सिंधला गेला. पुढे १८७० मध्ये त्याने वेताळकथांचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. पंचवीसपैकी अकराच गोष्टी घेतल्या, त्याही मनसोक्त मीठमसाला लावून. त्याचा वेताळ झाडाच्या फांदीला पायांच्या बोटांनी मोठ्या वाघळासारखा लटकतो. इंग्रजी वाचकाला तोवर व्हॅम्पायर माहीत होता, वाघूळ माहीत होतं, गाठ पक्की बसली. दुकानदाराची अक्कल होती ती, माल खपला पाहिजे.

मूळ कथांत पाहा. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेल्या, राजा उज्जैनचा विक्रम नाहीच. त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदाकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो, फळात रत्न निघतं, आणि त्या उपकारापोटी राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात शिंशपावृक्षावरचं प्रेत आणायला जातो. प्रेत दुसऱ्याच कुणाचं, आत बसलेला वेताळ दुसरा. तो राजाच्या मानगुटीवर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो, राजा बोलला की परत झाडावर. या साऱ्या कथांत तो राजाच्या रक्ताचा थेंबही घेत नाही. उलट शेवटी तोच सांगतो की भिक्षू तुझा बळी देणार आहे, त्याला असा असा मार. व्हॅम्पायर असं करेल?

रक्त हवंच असेल तर ते या ग्रंथाच्या जन्मकथेत आहे. सोमदेव म्हणतो, माझी कथा गुणाढ्याच्या बृहत्कथेवरून घेतली. गुणाढ्याने ती पैशाची भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांत लिहिली. सातवाहन राजाने नाक मुरडलं, एक तर पिशाचांची भाषा, त्यात रक्ताने लिहिलेली. गुणाढ्याने रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं, राजाला उपरती होईपर्यंत एक लाखच श्लोक उरले. लेखकाचं रक्त कोण पितं हे तेव्हाही ठरलेलं होतं. मला छापखान्यातले काही हिशोब आठवले, पण ते असो.

आता पिशाच. व्याकरणवाले 'पिशित' म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच अशी फोड करतात. पण अमरकोशात पिशाच हा मेलेला माणूस नाहीच! विद्याधर, अप्सरा, यक्ष, गंधर्व यांच्या ओळीत त्याला बसवलाय, 'अमी देवयोनयः'. जन्मानेच पिशाच. मराठीत मात्र तो अर्थ कधीच ओसरला. 'त्याचं पिशाच झालं' हे आपण मेलेल्याबद्दलच म्हणतो. म्हणून तो शब्द तुमच्या कामाचा आहे. वेताळ मात्र कुणी मरून होत नाही, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

आणि आपल्याकडे प्रेत उठून चालत आलं अशी भूतकथा फारशी का नाही, हेही उघड आहे. आपण बहुतेक जण जाळतो. उठायला उरतं काय? म्हणून आपली भुतं वाऱ्यासारखी, कुणाच्या तरी अंगात येणारी. पुरणाऱ्या मुलखात शरीर खाली शाबूत असतं, संशय त्याच्यावर जातो. किसिल्येवोवाल्यांनीही शेवटी काय केलं? जाळलंच.

हर्षल_अलकापुरी

काका, 'रक्तप' कसा वाटतो? मधुप म्हणजे मध पिणारा, तसा रक्तप. छोटा आहे, ओळीत बसेल.

प्रुफवाचक_रावपुरा

डोकं चांगलं चालवलंस. पण अमरकोशात 'रक्तपा' म्हणजे जळू. तू केलंस तर म्हातारी नवऱ्याला म्हणेल, "तू जळू झालास." राक्षसांच्या नावांत मात्र 'अस्रप' आहे, अस्र म्हणजे रक्त. तो बिनचूक आहे आणि आज एकालाही कळणार नाही.

फतेगंजचे_सर

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. वाघळाचा विषय निघाला म्हणून दोन शब्द, कारण दरवर्षी पोरं विचारतात.

नावं देताना आधी भूत, मग वाघूळ. उलट नाही. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये एका मोठ्या वाघळाला 'व्हॅम्पायरस' हे नाव दिलं, आणि ते बिचारं फळं खाणारं! आज त्याला टेरोपस व्हॅम्पायरस म्हणतात, मलेशिया-इंडोनेशियाच्या बाजूला असतं. खरोखर रक्तावर जगणाऱ्या जाती फक्त तीन आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. त्यांच्या लाळेतला रक्त गोठू न देणारा जो पदार्थ सापडला, त्याचं नाव शास्त्रज्ञांनी 'ड्रॅक्युलिन' ठेवलं. सर्बियातल्या त्या शेतकऱ्यांनी असलं वाघूळ जन्मात पाहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे पडक्या वास्तूंत राहणारं एक वाघूळ आहे, इंग्रजीत त्याला खोटं व्हॅम्पायर म्हणतात. ते किडे, बेडूक, उंदरं खातं. आमच्या शाळेमागच्या उंच झाडांवर दिवसभर उलटी लोंबणारी आहेत ती मोठी फळखाऊ. पिलू छातीशी धरून पंखाने वारा घेत असतात उन्हाळ्यात. शाळेच्या शिपायाला ती पनवती वाटतात, त्याला मी किती वेळा समजावलं, त्याच्यापुढे लिनिअसचं काय चालणार.

वेंगुर्ल्याची_लेक

सर, आमच्याकडे काजूच्या बिया तीच टाकून जातात अंगणात. आयत्या गोळा करायच्या.

अनघा_मांजलपूर

सगळ्यांचे आभार. वेताळ काढायचा हे पक्कं, कारण मिळालं. पण आता नवीच अडचण. काल पाचवा भाग केला. त्यात इंग्रजीत 'व्हॅम्पायर' आहे, पण कान देऊन ऐकलं तर म्हातारी 'वाम्पिर' म्हणतच नाही, 'वुकोद्लाक' असं काहीतरी म्हणते. आणि बेलग्रेडहून आलेला तरुण लष्करी वैद्य मात्र 'वाम्पिर' म्हणतो. इंग्रजीवाल्यांनी दोन्हीला एकच केलंय. मी दोन वेगळे शब्द ठेवू का?

प्रुफवाचक_रावपुरा

जरूर ठेवा! तुमचा कान इंग्रजीवाल्यांपेक्षा चांगला आहे.

'वुकोद्लाक'मधला 'वुक' म्हणजे लांडगा, पुढच्या भागाचा अर्थ बहुधा केस किंवा कातडं. मुळात लांडग्याचं रूप घेणारा माणूस. हाच शब्द ग्रीकमध्ये जाऊन 'व्रिकोलाकास' झाला आणि तिथे त्याचा लांडगा पूर्ण सुटला, नुसतं उठणारं प्रेत उरलं. सर्बियातही दोन कल्पना एकात मिसळल्या. वुक कराजिच या सर्बियन कोशकाराने वुकोद्लाकचा अर्थ दिलाय तो असा: मेल्यानंतर चाळीस दिवसांनी ज्याच्यात सैतानी जीव शिरतो आणि ज्याला उठवतो तो माणूस. आता कुणी म्हणेल, प्रेतात दुसरा जीव शिरतो, मग हा वेताळच की. नाही. तिकडे तो त्याच मेलेल्याच्या नावाने, त्याच्याच घरी, त्याच्याच बायकोकडे येतो. वेताळाला प्रेत कुणाचंही चालतं, आणि त्या प्रेताच्या घरच्यांशी त्याचं देणंघेणं नसतं. सूचीवाल्यांना हा फरक लिहून द्या, दोन ओळींत बसतो.

म्हणून माझं मत: म्हातारीच्या तोंडी 'पिशाच' घाला. "तुझं पिशाच झालंय, जा इथून." गावची बाई हेच म्हणेल. लांडगा सुटतो, पण तो तिच्याही मनात नसणार. त्या लष्करी वैद्याच्या तोंडी मात्र 'व्हॅम्पायर' तसाच राहू द्या. त्यानेही तो शब्द गावकऱ्यांकडून ऐकून नुकता वहीत उतरवलाय, त्याला तो परकाच आहे. गुजरातीतही हेच फावेल, 'पिशाच' तिकडेही आहे. फक्त 'डाकण' टाकू नका, ती बाई असते.

अनघा_मांजलपूर

ठरलं. सातव्या भागात पाद्री आणि वैद्य एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरून भांडतात, तिथे तर आता मजाच येईल. सूचीचं उत्तर आलं की इथे टाकते.